ऑगस्टच्या मोबदल्यात होडी

या सगळ्या खटाटोपात लॉर्न मॅक्फेलला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: ऑगस्टचे पहिले दोन आठवडे.

आमच्या पिकरेल तळ्यावर कुणाकडे किती जमीन आहे हे कुणी विचारत नाही. कुणाकडे कुठले आठवडे आहेत, ते विचारतात. म्हाताऱ्या मॅक्फेलनं तळ्याकाठी एक लाकडी घर बांधलं, त्याच्या पोरांना पोरं झाली, आणि एका घरात सगळ्यांनी एकदम राहायचं तर खून पडतील म्हणून उन्हाळ्याचे तुकडे पाडून वाटून घेतले. घर एफीआत्याच्या नावावर. ती म्हाताऱ्याची धाकटी लेक, बिनलग्नाची, वय चौऱ्याऐंशी, आणि तळ्यावर तिचा शब्द शेवटचा. जून उजाडून मध्यावर आला की ती मागच्या छोट्या खोलीत मुक्कामाला यायची, ती थेट पानं लाल होईपर्यंत. मोठं घर ज्याचे आठवडे असतील त्याचं.

त्यातले ऑगस्टचे पहिले दोन आठवडे रॉडरिकचे. रॉडरिक म्हणजे आत्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, दातांचा डॉक्टर. ऑगस्टात तळ्याचं पाणी अंगाला गोड लागतं, डास थकलेले असतात, ब्लूबेरी पिकलेल्या असतात, आणि संध्याकाळी धक्क्यावर खुर्ची टाकून बसलं की आपण आयुष्यात काहीतरी मिळवलं असं माणसाला विनाकारण वाटतं.

लॉर्न हा आत्याच्या भावाचा मुलगा. त्याच्या वाट्याला मे महिन्याची अखेर आणि जूनची सुरुवात. म्हणजे काळ्या माश्यांचा हंगाम. ही माशी तिळाएवढी असते आणि चावा घेताना ऐपतीपेक्षा मोठा लचका नेते. कानामागं, कॉलरच्या आत, मोज्याच्या काठाला. लॉर्न आणि त्याची बायको विनी डोक्यावर जाळी घालून अंगणात चहा प्यायची, आणि घोटासाठी जाळी वर केली की चहात माश्या. पाण्यात पाय घालावा तर गारठ्यानं पाय आपला आहे की नाही ते चाचपून बघावं लागे.

लॉर्ननं सगळी नोकरी नगरपालिकेत काढली. लोकांची घरं मोजायची, किंमत ठरवायची, कर बसवायचा. त्यामुळे आपल्यावर अन्याय किती इंच झाला आहे हे त्याला नेमकं माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये सुगीच्या सणाला, थँक्सगिव्हिंगला, सगळं खानदान घर बंद करायला जमतं. नळांतलं पाणी काढायचं, धक्का ओढून किनाऱ्यावर घ्यायचा, उंदीर येतील ती भोकं बुजवायची (उंदीर दुसऱ्या भोकांनी येतात), आणि मग टर्की खायची. त्या वर्षी टर्की संपून भोपळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ आला आणि रॉडरिक आपल्या मोटरबोटीच्या नव्या इंजिनाचं वर्णन करत होता, तेव्हा एफीआत्यानं काटा खाली ठेवला.

"बाबांची होडी बोटघरात आढ्याला टांगलीय," ती म्हणाली. "मला ती पाण्यात बघायचीय. मरायच्या आत."

"आत्या, ती होडी आता होडी राहिली नाही," लॉर्न म्हणाला. "उंदरांचं वसतिगृह झालंय."

"मावशी, होडी कशाला? माझी बोट आहे की," रॉडरिक म्हणाला.

"तुझी बोट म्हणजे पाण्यावर सोडलेली लाकूड कापायची गिरणी. मागच्या उन्हाळ्यात माझी टोपी गेली तिच्यापायी." आत्यानं रॉडरिकला तिथंच मिटवलं आणि टेबलाकडे पाहिलं. "जो कुणी बाबांची होडी नीट दुरुस्त करील आणि पुढच्या ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या धक्क्यापासून आपल्या धक्क्यापर्यंत एकट्यानं वल्हवत आणील, त्याला ऑगस्टचे पहिले दोन आठवडे. कायमचे."

रॉडरिकच्या बायकोनं पायचा घास तोंडातच धरून ठेवला.

"एकट्यानं का?" विनीनं विचारलं.

"दोघं बसले की एक वल्हवतो आणि दुसरा सल्ला देतो. बाबा एकटेच जायचे."

विनीनं नवऱ्याकडे पाहिलं. गेली चाळीस वर्षं ती भाड्याच्या नाहीतर उसन्या होडीत पुढच्या बाकावर बसत आली होती आणि लॉर्न मागच्या. दिशा मागच्या बाकावरून ठरते. सल्लाही तिथूनच येतो.

रॉडरिक हसला. त्याच्याकडे ऑगस्ट होताच, म्हणजे त्याला या सौद्यात फक्त गमवायचं होतं. पण समोरचा माणूस लॉर्न होता, ज्यानं एकदा पक्ष्यांसाठी लाकडी घरटं केलं आणि ते टांगल्यावर पक्षी शेजारच्या गल्लीत राहायला गेले.

"मला मान्य आहे," रॉडरिक म्हणाला. "लॉर्न, तुला हवी तर हातोडी मी देतो. लहान आहे, पण तुझ्या हाताला लहानच बरी."

होडी गाडीच्या टपावर बांधून लॉर्ननं घरी आणली आणि गॅरेजात दोन लाकडी घोड्यांवर पालथी टाकली. जुना कॅनव्हास फाडला तेव्हा आतून उंदरांची तीन पिढ्यांची गादी निघाली. खाली सीडर लाकडाच्या पातळ फळ्या, आणि फळ्यांच्या आत सीडरच्याच वाकवलेल्या बरगड्या, एकीला एक लागून. माणूस असता तर क्षयाचा रोगी म्हटला असता.

नाताळात रॉडरिक ते बघायला आला. दुसऱ्याची दुरवस्था बघायला तो कधी चुकत नसे. खिशातून छोटा टॉर्च काढून तो होडीच्या आत वाकला आणि बोटानं एकेक बरगडी ठोकत गेला.

"ही काढावी लागेल. ही पण. ही मुळापासून गेलीय." त्यानं मान हलवली. "हिला वाचवता येईल. ही काढ. लॉर्न, खरं सांगू? मी असतो तर सगळीच काढून कवळी बसवली असती."

"म्हणजे?"

"फायबरग्लास. धुतली की झालं."

लॉर्ननं त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

बरगडी बदलायची तर सीडरची पट्टी आधी भिजवावी लागते, मग बंद पेटीत वाफवावी लागते, आणि पेटीतून काढली की तोंडातून शब्द काढायच्या आत होडीच्या पाठीवर वाकवून आकार द्यावा लागतो, मग ती आत बसते. उशीर झाला की ती काडकन मोडते. भिजवायला लांब भांडं हवं. घरात लांब भांडं एकच होतं.

"लॉर्न, टबमध्ये लाकडं आहेत," विनी न्हाणीघरातून म्हणाली.

"भिजताहेत."

"ते मला दिसतंय. मी कुठं भिजू?"

ती हिवाळाभर टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या मिसेस प्रिंगलकडे आंघोळीला जात राहिली. मिसेस प्रिंगलनं आधी चौकशी केली, मग काळजी केली, आणि फेब्रुवारीत एकदा हळूच विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना, नसेल तर वरची खोली रिकामी आहे. विनीनं विचार करून कळवते म्हणून सांगितलं.

वाफेसाठी लॉर्ननं तिचं मुरंब्याचं मोठं पातेलं घेतलं. पहिल्या पट्ट्या मोडल्या. पुढच्या वाकल्या, पण उलट्या बाजूनं. मग कधीतरी जानेवारीच्या शेवटी एक पट्टी त्याच्या हातात ओल्या चामड्यासारखी नरम आली, होडीच्या अंगावर बसली आणि तिथंच राहिली. लॉर्न हातमोजे काढायचे विसरून तसाच तिच्याकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं हजारो घरांची किंमत केली होती, पण एक खिडकीही कधी स्वतः बसवली नव्हती. त्या रात्री जेवताना त्याचं ताटाकडे लक्ष नव्हतं. विनीला वाटलं पोट बिघडलं.

फळ्या पितळी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकायच्या. बाहेरून हातोडी मारायची आणि आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, म्हणजे चुकेचं टोक आपटून परत लाकडात वळतं. हे काम दोन हातांचं नाही, तीन हातांचं आहे. तिसरा हात विनीचा. ती होडीखाली स्टुलावर बसून ठोकळा धरायची आणि वरून सूचना यायच्या.

"डावीकडे. जरा वर. आणखी डावीकडे. तिकडे नको."

"आत्यानं एकट्यानं म्हटलं होतं ना?" ती खालून म्हणाली.

"ते वल्हवायचं."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं मीच एकटी आहे इथं."

एप्रिलमध्ये कॅनव्हास चढवला. त्याची रीत अशी, की कापड दोन टोकांना ताणून झोळी करायची, होडी त्या झोळीत ठेवायची, वजन घालून खाली दाबायची आणि चिमट्यांनी कापड ओढून काठाला ठोकत जायचं. एक टोक मेपलच्या झाडाला बांधलं, एक गाडीच्या हुकाला. वजन म्हणून विनी आत बसली, कोट घालून, मांडीवर पर्स. मिस्टर प्रिंगल कुत्रं घेऊन चालले होते. अंगणात अधांतरी होडी आणि होडीत शेजारीण बघून ते थांबले.

"लांब चाललात?" त्यांनी विचारलं.

"मेपर्यंत पोचेन असं वाटतंय," विनी म्हणाली.

मग कापडात भरायचा लेप. पांढरा, चिकट, वासानं डोळे चुरचुरणारा. हातानं घासघासून कापडाची वीण दिसेनाशी करायची आणि मग महिनाभर हात बांधून बसायचं, कारण तो लेप आपल्या मर्जीनं वाळतो. लॉर्न रोज सकाळी जाऊन त्यावर नख टेकवून बघे. शेवटी रंग दिला, गडद हिरवा, आणि वॉर्निश. विनी म्हणाली, छान झालीय. लॉर्न म्हणाला, डाव्या बाजूला एक केस चिकटलाय. तो केस ब्रशाचा नव्हता, त्याचाच होता, आणि आता देण्यासारखे त्याच्याकडे फार उरले नव्हते.

मेच्या अखेरीला, आपल्या माश्यांच्या आठवड्यात, त्यानं होडी तळ्यात सोडली. होडी पाण्यावर पानासारखी बसली. एक थेंब आत नाही. लॉर्न मागच्या बाकावर जाऊन बसला, जिथं तो आजवर बसत आला होता, आणि पहिलं वल्हं मारलं.

आता या दोन्ही टोकांना निमुळत्या होड्यांचा एक स्वभाव आहे. त्या दोघांसाठी बांधलेल्या. मागं एकटाच धिप्पाड माणूस बसला तर मागची बाजू बुडते आणि पुढचं नाक आभाळाकडे जातं. नाक वर गेलं की वारा त्याला धरतो आणि छपरावरच्या वारा दाखवणाऱ्या कोंबड्यासारखं फिरवतो. लॉर्न चर्चकडे निघाला होता. होडीनं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि त्याला पाठमोरा नेऊन लव्हाळ्याच्या बेटात घातला. माश्यांना इतक्या दिवसांनी बसलेलं गिऱ्हाईक मिळालं.

तो चिखलातून चालत परत आला तेव्हा विनी जाळी घालून धक्क्यावर विणत बसली होती.

"तिकडेच जायचं होतं का?"

"वारा होता."

"माझ्या बाकावर बस. उलटं तोंड करून, मागच्या टोकाकडे बघत. मग वजन मध्याकडे येतं. एकट्यानं वल्हवणारे सगळे तसेच बसतात. दोन्ही टोकं सारखीच असतात, होडीला काय कळतंय."

हे लॉर्नलाही माहीत होतं. तळ्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. पण चर्चच्या धक्क्यावर सगळ्या तळ्यासमोर बायकोच्या बाकावर चढून बसायचं, तेही उलटं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"ती पुढची जागा आहे," तो म्हणाला.

"मग?"

"होडी मागून चालवतात."

"चालव मग."

त्यानं दुसरी युक्ती काढली. पुढं विनी बसली की होडी सरळ चालते. मग विनीच्या जागी विनीएवढं वजन ठेवलं तर? बोटघरामागं एक गोल, गुळगुळीत दगड होता. तो त्याच्याभोवती फिरून त्याचा अंदाज घेऊ लागला, जसा तो एके काळी घरांचा घ्यायचा.

"तुझं वजन किती?" त्यानं विचारलं.

विनीच्या सुया थांबल्या. "कशाला?"

"कामाचं आहे."

तिनं एक आकडा सांगितला. तो आकडा तिच्या लग्नाच्या वर्षी खरा होता. लॉर्ननं चिखलातल्या आपल्या बुटांकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि मुकाट मान डोलावली. संसार टिकवायचा तर काही आकडे तपासून बघायचे नसतात, एवढं त्याला नगरपालिकेनं नाही तरी विनीनं शिकवलं होतं. फळी लावून दोघांनी दगड होडीत ढकलला, खाली घोंगडी घातली. होडी आता बरी चालली. नाक जरासं वरच राहिलं, पण का, याची चर्चा कुणी केली नाही.

ऑगस्टचा पहिला सोमवार उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी सगळं तळं पाण्यावर असतं. आत्याच्या धक्क्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, चहाची किटली, बटर टार्ट नावाच्या छोट्या गोड पदार्थाची परात, आणि मॅक्फेल घराण्यातले झाडून सगळे. घर त्या दिवशी रॉडरिकचंच होतं, त्यामुळे पाहुणचारही त्याचाच, आणि तो प्रत्येकाला टार्ट देताना सांगत होता की पुढच्या वर्षी टार्टमध्ये बेदाणे घालणार आहे. पुढच्या वर्षीवर त्याचा जोर होता.

पलीकडे चर्चच्या धक्क्यावरून लॉर्न निघाला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, मागच्या बाकावर ताठ, पुढं घोंगडीवर दगड. हिरवी होडी उन्हात अशी चमकत होती की दोन मासेमारी करणारे गळ ओढायचे विसरले. आत्याच्या धक्क्याकडे आत वळणाऱ्या खाडीच्या तोंडापर्यंत सगळं सुरळीत झालं.

तिथं रॉडरिकची मोटरबोट आली. त्याचं म्हणणं, तो फोटो काढायला आला होता. असेलही. त्यानं लॉर्नभोवती एक मोठा फेरा मारला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडला, "हसून बघ रे इकडे."

बोटीमागून लाटा आल्या. पहिल्या लाटेवर होडी चढली, दुसरीवरून उतरली, आणि घोंगडीवरचा दगड बसल्या जागी वळला. लॉर्ननं ते पाहिलं. मागच्या बाकावरून बसून बघण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं. तिसऱ्या लाटेला दगड बाकाखालून गडगडत निघाला, होडीच्या मध्यापर्यंत आला आणि आडव्या दांडीखाली अडकला. वाटेत एक फळी कडकडली. ती कुठली फळी हे लॉर्नला आवाजावरून कळलं. ती त्यानं फेब्रुवारीत ठोकली होती. फळीच्या टोकानं कॅनव्हासला भोक पाडलं आणि तळ्याचं पाणी, मोठ्या संकोचानं, आत येऊ लागलं.

पुढं वजन नाही म्हटल्यावर नाक वर गेलं. वाऱ्यानं होडी फिरवली. एकदा आत्याचा धक्का दिसला, मग चर्च, मग रॉडरिक, मग परत धक्का. धक्क्यावर कुणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. आत्या खुर्चीत पुढं झुकून बसली होती.

लॉर्नच्या डोळ्यांसमोर माश्या आल्या. मरेपर्यंत मे. मरेपर्यंत जाळीतून चहा.

तो बाकावरून उतरला, गुडघ्यांवर आला, इस्त्रीच्या शर्टासकट पाण्यातून रांगत दगडाला वळसा घालून पुढं गेला आणि विनीच्या बाकावर चढून बसला. उलटा, ज्या टोकावरून आला त्याकडे तोंड करून. आणि वल्हं मारलं.

होडी शहाणी झाली. जे टोक आजवर मागचं होतं ते आता पुढं निघालं, वाऱ्यानं दोनदा चाचपून पाहिलं आणि नाद सोडला. एका कुशीवर जराशी कलून, लॉर्नच्या प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत ती सरळ निघाली. समोर त्याला स्वतःचा रिकामा बाक दिसत होता. तिथं बसून इतकी वर्षं विनीच्या पाठीला जे जे सांगितलं ते सगळं त्याला आठवू लागलं, म्हणून त्यानं नजर उचलून धक्क्याकडे धरली.

पाणी घोट्यापर्यंत आलेलं, अशा अवस्थेत तो धक्क्याला लागला. विनीनं काठ धरला.

"नीट बसता आलं का?" ती हळूच म्हणाली.

"जरा टणक आहे बाक," लॉर्न म्हणाला.

"हो ना."

रॉडरिक तोवर बोट लावून धापा टाकत आला होता. "मावशी, हे चालणार नाही," तो म्हणाला. "पहिली गोष्ट, अट एकट्यानं यायची होती. होडीत दगड आहे. म्हणजे वजनाला दुसरा माणूसच झाला."

आत्यानं वाकून दगड पाहिला. "यानं वल्हं मारलं?"

"दगड कसा मारील?"

"यानं सल्ला दिला?"

"नाही."

"मग एकटाच आला. या घराण्यात इतका एकटा कुणी आलेला नाही."

"बरं, दुसरी गोष्ट. होडी उलटी आली. मागचं टोक पुढं."

"बाबा असेच यायचे. आईच्या बाकावर बसून. आई म्हणायची, या माणसाला माझी जागा हवी तेव्हा मी किनाऱ्यावर असते."

रॉडरिकनं खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं. आता तो जपून बोलला, कारण हे त्याचं खरं हत्यार होतं. "मावशी, तू 'नीट दुरुस्त करील' म्हणालीस. ती गळतेय. सगळ्यांना दिसतंय."

होडीत पाणी होतंच, आणि त्यात एक बटर टार्टसुद्धा आता तरंगत होता, कुणाच्या तरी हातून पडलेला. लॉर्न घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. सबंध हिवाळा त्याच्या तोंडावर दिसत होता.

आत्यानं काठीनं मोडकी फळी दाखवली. "ही कुठं मोडली?"

"खाडीच्या तोंडाशी," लॉर्न म्हणाला.

"कशानं?"

लॉर्ननं रॉडरिककडे पाहिलं. सांगायला त्याला काही हरकत नव्हती. पण रॉडरिकचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. "दगडानं," तो म्हणाला. "ठेवला मीच होता."

"मोटरबोटीच्या लाटांनी गडगडला," विनी म्हणाली. तिला हरकत नव्हतीच.

आत्या मागं टेकली. "चर्चच्या धक्क्यावरून निघाली तेव्हा कोरडी होती. मी दुर्बिणीतून बघत होते. दुरुस्त करून आणलेली होडी कुणी वाटेत मोडली तर पुन्हा दुरुस्त करायची, एवढंच. ऑगस्ट लॉर्नचा. रॉडरिक, तू मेमध्ये ये. मला एक टार्ट द्या, पाण्यातला नको."

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या सकाळी लॉर्न पायजम्यात पोर्चवर बसला होता. ऊन कोवळं, पाणी काचेसारखं. त्यानं पहिला घोट घेतला, जाळीशिवाय, आणि दारावर काठी वाजली.

एफीआत्या उभी होती. टोपी, हातमोजे, पर्स.

"चल," ती म्हणाली. "टपाल आणायचंय. फळी बदललीस ना?"

तेव्हा कुठं लॉर्नला कळलं की ऑगस्टबरोबर काय येतं. मेमध्ये तो असायचा तेव्हा आत्या अजून शहरातच असे, म्हणून हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी टपाल. रविवारी चर्च. मंगळवारी पलीकडच्या काठावर मिसेस ड्रायस्डेलकडे पत्ते, शुक्रवारी तिथंच बदला घ्यायला परत पत्ते. इतकी वर्षं हे सगळं रॉडरिक आपल्या मोटरबोटीतून करत आला होता, टोपीबद्दलची बोलणी खात. आत्याला मोटरबोट नको होती. तिला बाबांची होडी हवी होती आणि ती चालवायला माणूस, आणि ऑगस्टशिवाय असा माणूस गळाला लागणार नाही हे तिला टर्की कापली जायच्या आतच माहीत होतं.

ती पुढच्या बाकावर बसायची, पुढं तोंड करून. लॉर्न मागच्या. दोघं बसले की काय होतं हे तिनंच सांगितलं होतं. "डावीकडे घे. जरा हळू. ते बदक दिसत नाही का तुला?"

"दिसतंय, आत्या."

"मग त्याला दिसू दे की तुला दिसतंय."

तिला पत्त्यांना सोडलं की परतीला मात्र लॉर्न बाकावरून उतरून पुढं जायचा, उलटा बसायचा आणि होडी एका कुशीवर कलवून किनाऱ्याकिनाऱ्यानं एकटाच यायचा. वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नाही. अर्ध्या तासाच्या वाटेला त्याला दुप्पट वेळ लागे. याबद्दल घरी कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

तर जमाखर्च असा झाला. रॉडरिकनं ऑगस्ट दिला आणि मे घेतला. तो जाळीच्या पोर्चमध्ये बसून पुस्तकं वाचतो आणि भेटेल त्याला सांगतो की काळ्या माश्या निदान अंधार पडला की थांबतात. एफीआत्यानं काहीच दिलं नाही, कारण जे दिलं ते रॉडरिकचं होतं. तिला होडी मिळाली, होडीवाला मिळाला, आणि टोपी डोक्यावर राहिली. विनीला रोज सकाळचे तीन तास मिळाले, रिकामं घर, धक्क्यावरची खुर्ची आणि मागून एकही सूचना नाही. रॉडरिकचं सुख, आत्याची होडी, विनीच्या सकाळी, या सगळ्यांची किंमत एकट्या लॉर्ननं मोजली.